चिलखत घातलं म्हणजे जबाबदारी संपली का?

(पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात गिअरची सायकल आणि वयात आलेलं पोरगं आहे, त्यांनी वेळ काढून वाचावी ही विनंती.)

आमच्या भागात पुढच्या महिन्यात डोंगरउतारावरची सायकल स्पर्धा आहे. पत्रक व्हॉट्सअपवर फिरतंय. वर नेत्यांचे फोटो, मध्ये उडी मारणारा सायकलस्वार, खाली नियम. त्यातले दोन नियम मी चारदा वाचले.

नियम 4 : स्पर्धकाने हेल्मेट व बॉडी आर्मर परिधान करणे बंधनकारक आहे.
नियम 5 : स्पर्धेदरम्यान झालेल्या कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.

हे दोन नियम एकाखाली एक आलेत हा काही छपाईचा योगायोग नाही. चौथ्यात चिलखत तुमच्या अंगावर चढवलं आणि पाचव्यात जबाबदारीही तुमच्याच अंगावर चढवली. मधल्या सगळ्या गोष्टी गायब. वाट कुणी तपासली, उतारावर माणसं कुठं उभी असणार, पोरगं पडलं तर त्याला उचलणार कोण, नेणार कशातून, याबद्दल पत्रकात एक ओळ नाही.

आयोजकांपैकी एकाला फोन केला. ओळखीचेच आहेत. म्हणाले, "अहो, आर्मर कम्पल्सरी केलंय ना आपण. अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे, तेच सांगायला ही पोस्ट.

आधी एक स्पष्ट करतो. मी या खेळाच्या विरोधात नाही. आमच्याकडची पोरं मोबाईल खिशात टाकून सकाळी सहाला डोंगरावर जातायत, यासारखी चांगली गोष्ट नाही. आणि मी चिलखताच्याही विरोधात नाही. त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय.

गेल्या वर्षीची स्पर्धा कव्हर करायला मी उतारावरच्या दुसऱ्या वळणावर उभा होतो. आपल्या सह्याद्रीचा उतार तुम्हाला माहितीय. वर सुटा मुरूम, खाली कातळ, मध्ये पावसानं पाडलेल्या घळी. एक पोरगा वळणावर घसरला आणि दहा-बारा फूट मुरमावरून फरफटत गेला. उठला, धूळ झटकली, सायकल सरळ केली आणि गेला. नंतर त्याचे गुडघ्याचे पॅड पाहिले. वरचं कापड फाटून आतला फोम दिसत होता. तो पॅड नसता तर तिथं कापडाऐवजी कातडं असतं, आणि गुडघ्याच्या वाटीवर टाके. चिलखत हे काम चोख करतं. सोलवटणं, खरचटणं, दगडाचा थेट मार, पेडल नडगीवर आपटणं, या सगळ्याला ते पुरून उरतं. जखमेत माती गेली तर काय होतं, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी, त्याच वळणापासून दोनशे मीटर खाली, दुसरा एक पोरगा पुढच्या चाकावरून उलटला. त्याच्या अंगावर सगळं होतं. हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट, छातीपाठीचं जॅकेट, कोपर, गुडघे. अंगावर ओरखडा नाही. पण तो डोक्यावर पडला होता आणि म्हणत होता की मान हलत नाही.

पुढं काय झालं ते सांगायचं आहेच. आधी हे बघू, की इतकं सगळं घातलेल्या पोराची मान का दुखावली.

चिलखत काय थांबवू शकतं, हे ते कशासाठी तपासलं जातं यावरून कळतं. पाठीच्या चिलखताचं युरोपीय मानक आहे ईएन 1621-2. मुळात ते मोटरसायकलवाल्यांसाठी केलेलं. सायकलच्या बऱ्याच चिलखतांवर हाच नंबर असतो. त्याच्या चाचणीत साधारण पाच किलोचं वजन एक मीटरवरून पॅडवर टाकतात. म्हणजे 50 ज्यूल ऊर्जा. पॅडखाली पोचणारा जोर सरासरी 18 किलोन्यूटनपेक्षा कमी असेल तर लेव्हल 1, आणि 9 पेक्षा कमी असेल तर लेव्हल 2. म्हणजे लेव्हल 2 चं चांगलं जॅकेटसुद्धा क्षणभर नऊशे किलो वजनाएवढा दाब आत जाऊ देऊ शकतं, आणि तरीही ते पास असतं.

आता उतारावरचं गणित करा. सत्तर किलोचा पोरगा ताशी 36 किलोमीटरनं खाली येतोय. त्याच्या अंगात 3500 ज्यूल आहेत. चाचणीच्या सत्तर पट. ही सगळी ऊर्जा एकाच जागी जात नाही हे खरं. फरफटत जाताना बरीचशी जिरते, म्हणून तर बहुतेक वेळा माणूस उठून चालायला लागतो. पण समोर झाड असेल, कातळ असेल, तर फरफटायला जागाच नसते.

हेल्मेटचंही तसंच. सायकल हेल्मेटच्या ईएन 1078 या मानकात ते दीड मीटरवरून सपाट लोखंडी ऐरणीवर पाडतात. आदळताना वेग असतो ताशी साडेएकोणीस किलोमीटर. पाडलेल्या डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटीच्या आत राहिला की हेल्मेट पास. ही मर्यादा कवटी फुटणं आणि जीव जाणं टाळण्यासाठी आहे. मेंदूला हादरा बसायला, म्हणजे आपण ज्याला कन्कशन म्हणतो त्याला, याच्या बऱ्याच खालचा हिसकाही पुरतो. म्हणून "हेल्मेट होतं की, मग उलट्या कशा होतायत?" हा प्रश्न चुकीचा आहे. हेल्मेट होतं म्हणून तो उलट्या करायला जिवंत आहे. त्याला दवाखान्यात न्या आणि त्या दिवशी परत सायकलवर बसू देऊ नका.

आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हे असतं. उतारावर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता मानेकडे येऊ. पॅड मार अडवतो. तो वाकणं अडवत नाही, पिळवटणं अडवत नाही. गुडघ्याच्या पॅडनं वाटी वाचते, पण पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं तर आतली लिगामेंट तुटते. खांद्याच्या टोपीनं दगड लागत नाही, पण पडताना आपण हात पुढं टाकतो आणि तो धक्का मनगटातून वर चढत कॉलर बोन मोडतो. आणि माणूस डोक्यावर पडला, की मागून येणारं सगळं अंगाचं वजन मानेच्या सात छोट्या मणक्यांवर येतं. वर हेल्मेट, खाली जॅकेट, मधली मान उघडी. मानेभोवती घालायचं ब्रेस मिळतं, डोंगरउतारावरचे काही स्पर्धक ते घालतातही. पण ते सगळ्या तऱ्हेच्या पडण्यांत कामाला येतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी 1995 ते 2007 या तेरा वर्षांतल्या माउंटन बाइकिंगमधल्या मणक्याच्या रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये छापला. 107 रुग्ण. जवळजवळ सगळे पुरुष, सरासरी वय तिशीच्या थोडं पुढं. बहुतेकांची दुखापत मानेत. आणि त्यातल्या सुमारे 40 टक्के लोकांच्या मज्जारज्जूला इजा झालेली. कॅनडाचा तो भाग म्हणजे या खेळाची पंढरी. तिथं आखलेल्या वाटा आहेत, शिकवणारे आहेत, बचाव पथकं आहेत. तिथली ही गोष्ट.

आमचा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्यालाही या स्पर्धेत उतरायचंय. आर्मरची यादी त्यानं आईला दिलीय, एकूण 22 हजार. बहिणीनं मला फोन केला. म्हणाली, "दादा, पैशाचं बघते मी कसंतरी. भिशीचे येतायत. पण मला एवढंच सांग, ते घातलं की त्याला काही होणार नाही ना?"

या प्रश्नाला "नाही होणार" असं उत्तर दुकानदार देतो. आयोजक नियम 4 मधून देतो. मला देता आलं नाही. मी म्हटलं, "गुडघे फुटणार नाहीत, कातडं सोलणार नाही, डोक्याला लागलं तर जीव वाचायची शक्यता खूप वाढेल. मान आणि हाडं मात्र त्याच्या ब्रेकवर, त्या वाटेवर आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांवर आहेत." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग त्या माणसांचं कोण बघतंय?"

बहीण दहावी शिकलीय. प्रश्न मात्र जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यानं विचारावा असा विचारला.

भाच्याशीही बोललो. तो म्हणाला, "मामा, पॅड घातले की भीती जाते. अंग मोकळं राहतं." त्यात तथ्य आहे. भीतीनं ताठरलेला माणूस जास्त पडतो. पण भीती जाते म्हणजे काय होतं, तेही मी पाहिलंय. जिथं पोरं आधी सायकलवरून उतरून चालत खाली यायची, तिथं आर्मर आल्यापासून उडी मारतात. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 साली मोटारींबद्दल असाच मुद्दा मांडला होता. गाडी सुरक्षित केली की चालवणारा धीट होतो आणि मिळालेल्या फायद्यातला काही भाग परत घालवतो. यावर आजही वाद आहेत, आणि यावरून "मग हेल्मेटच नको" असा निष्कर्ष काढणं शुद्ध वेडेपणा. पण आर्मर घेतलेल्या पोराला एवढं जरूर विचारा, की कालपर्यंत जी उडी तू टाळत होतास, ती आज मारायला तुझ्या हाताला काय नवीन आलंय?

आता त्या सक्तीचं जमिनीवर काय होतं, तेही ऐका. वाडीवरची पोरं या स्पर्धेत असतात. पायात ताकद शहरातल्यांच्या दुप्पट, सायकल मात्र साधी, ब्रेक रबराचे. गेल्या वर्षी तिघांत मिळून एकच जॅकेट होतं. तपासणीच्या टेबलावर एकानं दाखवलं, मागं दिलं, दुसऱ्यानं दाखवलं. टेबलावरच्या स्वयंसेवकालाही ते दिसत होतं. ते जॅकेट त्या तिघांतल्या एकाच्याही मापाचं नव्हतं. सैल चिलखत पडताना सरकतं आणि जिथं हवं तिथं नसतं. गुडघ्याचा पॅड पोटरीवर उतरला तर तो नुसता पायमोजा. कागदावर मात्र सगळ्यांसमोर टिक झाली.

त्यात आपलं ऊन. मार्च-एप्रिलमध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं जॅकेट घालून तासभर चढ चढणं म्हणजे पखालीत बसून भट्टीपुढं उभं राहणं. शहाणी पोरं चढताना ते सॅकला बांधतात आणि वर गेल्यावर घालतात. पण मध्ये पाण्याची सोय नसेल तर वर पोचेपर्यंत अंगातलं त्राण गेलेलं असतं, आणि थकलेला हात ब्रेकवर उशिरा पडतो.

आता त्या मान न हलणाऱ्या पोराकडे येतो.

तो पडल्यावर चारपाच जण धावले. सगळे चांगल्या मनाचे. एकानं पहिल्यांदा त्याचं हेल्मेट ओढून काढलं, "हवा लागू दे" म्हणून. मी ओरडलो, तोवर निघालंही. मग दोघांनी काखेत आणि दोघांनी पायाला धरून उचललं, चढावरून रस्त्यावर आणलं आणि पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीवर झोपवलं. रुग्णवाहिका स्पर्धेच्या ठिकाणी नव्हती. 108 ला फोन लावला होता. ती सेवा चांगली आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते, डोंगरात येत नाही, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या अपघाताला गेली होती. पिकअप खड्ड्यांतून तालुक्याला पोचायला पाऊण तास लागला.

मानेचा मणका मोडला होता. मज्जारज्जूला धक्का नव्हता. डॉक्टर म्हणाले, "पडताना वाचला ते हेल्मेटमुळं. आणताना वाचला ते नशिबानं." तीन महिने मानेला पट्टा होता. आज तो चालतो, कॉलेजला जातो. हे वाक्य लिहिताना मला अजूनही बरं वाटतं.

मी बातमी दिली, रुग्णवाहिकेच्या मुद्द्यासकट. दुसऱ्या दिवशी फोन आला, "चांगलं काम चाललंय, कशाला निगेटिव्ह लिहिता?"

आमचा भाग प्रतापगडाच्या सावलीतला. 10 नोव्हेंबर 1659 ची भेट आपण शाळेत शिकलो. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, डोक्याला जिरेटोपाखाली पोलादी टोप होता, हे पोराटोरांना तोंडपाठ असतं. आणि ते कामाला आलं, हेही खरं. पण भेटीची जागा महाराजांनी स्वतः निवडली होती. जावळीच्या रानात माणसं पेरलेली होती. तोफेचा इशारा ठरलेला होता. सोबत कोण असणार, बाहेर कोण थांबणार, हे आधी ठरलेलं होतं. चिलखत हा त्या सगळ्या बेतातला शेवटचा थर होता. आपले आयोजक मिरवणुकीत महाराजांचा जयजयकार करतात आणि बेतातलं फक्त चिलखत उचलतात. तेही पोरांच्या पैशांचं.

2021 साली राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, बचावाची तयारी, असं त्यात अपेक्षित आहे. "ही स्पर्धा आहे, पर्यटन नाही," असं म्हणून कुणी त्यातून निसटेलही. निसटू दे. मणक्याला पर्यटन आणि स्पर्धा यातला फरक कळत नाही.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे.

पालकांना आणि पोरांना :

पैसे कमी असतील तर आधी ब्रेक, टायर आणि डोक्याच्या मापाचं हेल्मेट. तीव्र उतारावर जायचं तर हनुवटी झाकणारंच. मग पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड. मग कोपर. पाठीचं जॅकेट त्यानंतर. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या, आतला फोम एकदाच दबतो. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, ते कशावर आपटलंय हे कुणी सांगत नाही. दुकानात पॅड घालून उकिडवं बसा, पाय झटका. सरकला तर नको. आणि शर्यतीआधी ती वाट एकदा पायी चालून या. या गोष्टीला पैसे पडत नाहीत.

आयोजकांना, सगळ्यांसमोर, हे सहा प्रश्न :

1. वाट कुणी तपासली? वळणावरचे सुटे दगड काढले का, झाडाच्या बुंध्यांना गाद्या किंवा पेंढ्याचे भारे बांधले का?
2. अवघड उडीला बाजूनं सोपी वाट आहे का? नवशिक्याला न लाजता तिथून जाता येईल का?
3. उतारावर दर वळणावर माणूस आहे का, आणि त्याच्याकडं वॉकीटॉकी आहे का? तिथं मोबाईलला रेंज नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.
4. रुग्णवाहिका स्पर्धा संपेपर्यंत जागेवर उभी असेल का? ती नसेल तर स्पर्धा थांबेल का?
5. पाठीचा कणा न हलवता नेता येईल असं स्ट्रेचर आणि ते वापरायला शिकलेली चार माणसं आहेत का? आपल्या जिल्ह्यात गिर्यारोहकांच्या बचाव तुकड्या आहेत. दऱ्यांतून माणसं काढणारी ही पोरं बोलावलं तर येतात. बोलावलंय का?
6. ज्यांच्याकडं चिलखत नाही त्यांना मापाचं चिलखत तुम्ही देणार का? बक्षिसाची रक्कम फ्लेक्सवर आहे. तिच्या काही भागात दहा पोरांचं सामान येतं.

आणि बघायला येणाऱ्या सगळ्यांना एकच. पोरगं पडलं आणि मानेत, पाठीत दुखतंय म्हणालं, हातापायाला मुंग्या आल्या म्हणालं, किंवा शुद्धीवर नसेल, तर उचलू नका. हेल्मेट ओढू नका. श्वास चालू आहे का बघा. चालत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा श्वास आधी. चालू असेल तर एकानं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेवायचं, दुसऱ्यानं मागून येणाऱ्या सायकली थांबवायच्या, आणि स्ट्रेचर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. काहीतरी करायचंच म्हणून उचलू नका. तेव्हा थांबणं हेच काम असतं.

हे सहा प्रश्न मी आज आयोजकांना लेखी दिलेत. प्रत तहसील कार्यालयाला आणि क्रीडा खात्याला. पोचपावती माझ्याकडं आहे. उत्तर आलं की ते इथंच टाकेन, जसंच्या तसं. चांगलं आलं तर चांगलं म्हणेन, आणि त्या दिवशी पहाटे पाचला वळणावर झेंडा घेऊन उभं राहायला मी आणि आमच्या कट्ट्यावरचे चार जण फुकट येऊ, हे आत्ताच सांगून ठेवतो.

भाच्याचं आर्मर घेऊ आम्ही. बहिणीनं निम्मे जमवलेत, निम्मे मी घालतोय. पण त्याचं नाव अजून नोंदवलेलं नाही. चौथ्या आणि पाचव्या नियमाच्या मध्ये काय येतंय, ते आधी बघायचंय.